डोंगरात पळायला शूज घेताय? आधी हे बघा

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो बजेट किती, आणि तिथेच गाडी चुकते, कारण आधी ठरवायचं ते तुम्ही पळणार कुठे आणि कुठल्या महिन्यात. आपला सह्याद्री म्हणजे बेसाल्टचा कातळ, पावसाळ्यात त्यावर शेवाळ, आणि दिवाळीनंतर तोच डोंगर वाळून मुरमाड घसारा होतो. कासला किंवा माथेरानला गेलात तर जांभा दगड, तो कोरडा असताना पकड छान देतो पण सोल खरवडून काढतो. त्यामुळे सगळीकडे चालणारा एकच शूज असा काही मिळत नाही, तुम्ही जास्तीत जास्त जिथे पळता त्याच्यासाठी घ्या.

आता सोल. खालचे जे रबरी दात असतात, लग्स, ते ३-४ मिमीचे असतील तर आतकरवाडीतून सिंहगड किंवा थोडा रस्ता थोडी पायवाट असं पळणाऱ्याला पुरे. चिखल आणि ओलं गवत असेल तर ५-६ मिमी, आणि दोन दातांमध्ये जागा मोकळी हवी, नाहीतर चिखल तिथेच बसतो आणि चार पावलांत तळवा सपाट. पण एक गोष्ट सेल्समन सांगत नाही, ओल्या कातळावर खोल दात काही कामाचे नाहीत, तिथे रबर मऊ लागतं. सोलमध्ये अंगठ्याचं नख रुतवून बघा, जरासं दबलं तर बरं, प्लास्टिकसारखं टणक लागलं तर पावसाळ्यासाठी सोडून द्या. मऊ रबर झिजतं लवकर हे मात्र मान्य करूनच घ्यायचं. आपल्याकडे कित्येक ट्रेकर वर्षानुवर्षं ॲक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंग शूज वापरतात ते उगाच नाही, पकड कातळावर चांगली असते, फक्त पळायला ते जड आणि कडक पडतात.

ओरिएंटिअरिंग करणाऱ्यांसाठी वेगळं. नकाशा आणि होकायंत्र घेऊन पळताना वाट सोडून झाडीत घुसावं लागतं, म्हणून वरचं कापड घट्ट विणीचं हवं, मोठ्या जाळीचं कापड करवंदीच्या काट्यात फाटतं आणि कुसळं आत जातात. स्वीडन-फिनलंडकडे दातांत बारीक धातूच्या पिना असलेले शूज घालतात, ओल्या ओंडक्यांवर आणि खडकावर पकड मिळावी म्हणून. इथे डांबरावर आणि गडाच्या पायऱ्यांवर ते नुसते खटखट वाजतात, मी तरी घेऊ नका म्हणेन.

वॉटरप्रूफचा मोह टाळा. जुलैत ओढा ओलांडताना पाणी घोट्यावरून आत शिरतं आणि मग बाहेर जायला वाटच नाही, दर पावलाला पचक पचक. पाणी निथळून जाईल असा शूज आणि सिंथेटिक किंवा लोकरीचे मोजे, सुती मोजे अजिबात नकोत, फोड त्यांनीच येतात.

मापाला मात्र वेळ द्या. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि पळायचे मोजे घालूनच ट्राय करा. आतला इनसोल काढून त्यावर उभे राहा, बोटं बाहेर सांडत असतील तर तो शूज तुमचा नाही, नंबर कितीही बरोबर असू दे. लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी, कारण उतारावर पाय पुढे सरकतो आणि नखं काळी पडतात ती तिथेच. मग लेस शेवटच्या जादा भोकातून ओवून टाच घट्ट बांधा आणि दुकानात जिना असेल तर उतरून बघा, बोटं पुढे आदळतायत का, टाच उचलली जाते का. सपाट फरशीवर दोन येरझाऱ्या घालून काही कळत नाही. शूज हातात घेऊन वाकवाही, बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही.

टाच आणि पंजाच्या उंचीतला फरक, ज्याला ड्रॉप म्हणतात, तो रोडच्या शूजमध्ये ८-१० मिमी असेल आणि तुम्ही एकदम ०-४ वर आलात तर पोटऱ्या बोंबलतात, तेव्हा हळूहळू बदला. सोल खूप जाडही नको, उंचावर पाय गेला की दगडावर घोटा मुरगळायची शक्यता वाढते.

नवे शूज थेट राजगड-तोरण्याला नेऊ नका, आधी घराजवळच्या टेकडीवर थोडे चालवा. पळून आल्यावर धुऊन, इनसोल काढून, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा, गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवलेत तर गोंद सुटतो. आणि माळ्यावर बरीच वर्षं पडून असलेली जोडी दिसायला नवी असली तरी दोन्ही हातांनी सोल ओढून बघा, गडाच्या मध्यावर तो सुटून हातात आला तर खाली अनवाणी यावं लागेल.