सीओईपीचा (पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचा) फॉर्म भरायच्या आधी: कटऑफ कसा वाचायचा, लिस्ट कशी लावायची, आणि ते कॉलेज आपल्याला झेपेल का

सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, रिझल्ट लागला की आठवडाभर एकच प्रश्न फिरत असतो, "९८ पडलेत, सीओईपी लागेल ना?" याला हो पण म्हणता येत नाही आणि नाही पण म्हणता येत नाही. ब्रँच कुठली, कॅटेगरी कुठली, मेरिट नंबर किती हे कोणी सांगतच नाही, फक्त पर्सेंटाइल (शंभरातली किती मुलं आपल्या मागे आहेत तो आकडा) सांगतात आणि समोरच्याने पेढे मागावेत अशी अपेक्षा असते. आणि यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न, म्हणजे लागलं तर जायचं का, तो तर कोणी विचारतच नाही. म्हणून दोन्ही एकदाच लिहून टाकतो.

आधी थोडं कॉलेजबद्दल. पुण्यात शिवाजीनगरला ज्या चौकाला लोक अजून इंजिनिअरिंग कॉलेज चौक म्हणतात तिथलं हे कॉलेज १८५४ साली सुरू झालं, ते इंग्रज सरकारला बांधकाम खात्यात हाताखालची माणसं हवी होती म्हणून. नामवंत इंजिनिअर विश्वेश्वरय्या इथलेच, १८८३ ला पास झाले, आणि खडकवासल्याला जे आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ मध्ये बसवले ते त्यांच्या डोक्यातले. २०२२ पासून सीओईपी हे स्वतंत्र राज्य विद्यापीठ आहे, म्हणजे डिग्री आता पुणे विद्यापीठाची नाही, सीओईपीची स्वतःची. हे सगळं खरंच अभिमान वाटण्यासारखं आहे, पण यातलं काहीही तुमची थर्ड सेमची सबमिशनं लिहून देत नाही, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

महाराष्ट्रातल्या मुलांना बारावीनंतर बीटेकसाठी आत जायचा रस्ता म्हणजे एमएचटी-सीईटी आणि मग कॅप राउंड, म्हणजे सगळ्या कॉलेजांचं एकत्रित ऑनलाइन सीटवाटप. सीईटी २०० मार्कांची, फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०, मॅथ्स १००, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे प्रश्न सोडून येणं हा गुन्हा आहे. मॅथ्सचा प्रत्येक प्रश्न दोन मार्कांचा असल्यामुळे वरचे पर्सेंटाइल बहुतेक तिथेच ठरतात. साधारण २० टक्के पेपर अकरावीवर असतो, ज्यांनी अकरावी झोपून काढली त्यांना तो बरोबर सापडतो. बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते, ओपनला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून) ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४०, तेवढे आले की संपलं, पण तेवढे आलेच पाहिजेत.

आता कटऑफ, म्हणजे शेवटची सीट कुठल्या मेरिट नंबरला गेली ते. सीईटी सेलच्या, म्हणजे ही परीक्षा आणि प्रवेश चालवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवर दरवर्षीच्या, प्रत्येक राउंडच्या पीडीएफ असतात, त्या उघडल्या की जीओपीईएनएस, एलओबीसीएस असले कोड दिसतात आणि घरातले सगळे घाबरतात. सोपं आहे. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल आणि एल म्हणजे मुलींसाठीची सीट, मधे कॅटेगरी, आणि शेवटचं अक्षर एस म्हणजे स्टेट लेव्हल, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीवाले. सीओईपीला तो शेवटचा एस असतो, म्हणजे गडचिरोलीच्या मुलीला आणि कोथरूडच्या मुलाला एकाच रांगेत उभं राहायचं असतं, पुण्याचे म्हणून काही जास्त मिळत नाही. मुलगी असेल तर तिचा विचार जी आणि एल दोन्हीसाठी होतो, आणि राखीव प्रवर्गातल्याचा मेरिट असेल तर ओपनमधूनही होतो, त्यामुळे एकच कॉलम बघून हातपाय गाळू नका.

त्या पीडीएफमध्ये मेरिट नंबर, म्हणजे राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक, असतो आणि खाली कंसात पर्सेंटाइल. सगळे पर्सेंटाइल बघतात, तुम्ही मेरिट नंबर बघा. कारण असं की पीसीएमला तीन-चार लाख मुलं बसतात, म्हणजे ०.१ पर्सेंटाइल म्हणजे तीनशे-चारशे मुलं, आणि एखाद्या वर्षी बसणारी मुलं वाढली तर सीट्स काही त्या प्रमाणात वाढत नाहीत, मग तोच मेरिट नंबर जास्त पर्सेंटाइलवर जातो आणि "गेल्या वर्षी तर एवढ्याला मिळालं होतं" म्हणून रडारड होते. मागच्या दोन-तीन वर्षांचे मेरिट नंबर, आपल्या कॅटेगरीचे, ब्रँचप्रमाणे एका कागदावर उतरवून काढा, पहिल्या राउंडचे वेगळे आणि शेवटच्याचे वेगळे. अंदाज म्हणून सांगतो, ओपनला कॉम्प्युटर ९९.८ च्या आसपास किंवा वरच असतं. सिव्हिल, मेटलर्जी बरंच खाली येतं पण तेही नव्वदीच्या वरच्याच टोकाला.

कागदपत्रांवर मी जरा जास्त बोलतो कारण मुलं इथे अडकतात, अभ्यासात नाही. डोमिसाइल, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला), यातलं जे तुम्हाला लागू असेल ते बारावीच्या दिवाळीतच सुरू करा. व्हॅलिडिटीला वेळ लागतो, जून महिन्यात सेतू केंद्राबाहेरची रांग बघितली नसेल तर एकदा बघून या. नॉन-क्रिमीलेयरची तारीख तपासा, पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध पाहिजे, जुना दाखला चालत नाही. ज्यांचं दहावी-बारावी महाराष्ट्राबाहेर झालंय, म्हणजे गोव्यात, इंदूरला, बडोद्याला वाढलेली आपली मुलं, त्यांनी लगेच नाद सोडू नये. आई किंवा वडील महाराष्ट्राचे डोमिसाइल असतील तर टाइप बी नावाच्या उमेदवारांच्या गटातून अर्ज होतो. आणि बेळगाव सीमाभागातल्या मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी टाइप ई वेगळा आहे, हे तिकडच्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि ब्रँचची पसंतीच्या क्रमाने यादी, खरी गंमत इथे. तीनशेपर्यंत ऑप्शन भरता येतात. एक अफवा दरवर्षी फिरते की न मिळणारं कॉलेज वर टाकलं तर ऑप्शन वाया जातो आणि खालचंही जातं. साफ खोटं. सीट वाटप आधी मेरिटने आणि मग तुमच्या क्रमाने होतं, वरचं नाही मिळालं तर खालच्यावरचा तुमचा हक्क तसाच राहतो. त्यामुळे स्वप्नं वर टाकायला पैसे पडत नाहीत. पण याची दुसरी बाजू आहे. २०२५ पासून चार राउंड आहेत आणि ऑटो फ्रीज आहे: पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन लागला तर तीच सीट पक्की, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी काही लागलं तरी तेच. "घेऊन ठेवतो, पुढच्या राउंडला बघू" हे मग चालत नाही. नियम मधूनमधून बदलतात, त्या वर्षीचं माहितीपुस्तक वाचा, क्लासवाल्यांच्या रीलवर जाऊ नका.

म्हणजे काय झालं बघा, काकांनी सांगितलं म्हणून एक नंबरला सीओईपी सिव्हिल टाकलं आणि दोन नंबरला पीआयसीटी (पुण्यातलंच दुसरं कॉलेज) कॉम्प्युटर, मनातून कॉम्प्युटर हवं होतं, आणि पहिल्याच राउंडला सिव्हिल लागलं. संपला विषय. लिस्ट कटऑफच्या क्रमाने लावायची नसते, तुम्हाला काय जास्त हवंय त्या क्रमाने लावायची असते. आईवडिलांचं वार्षिक उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचा (ट्यूशन फी माफीच्या सीटचा) कोड, ज्याच्या शेवटी टी असतो, वेगळा ऑप्शन म्हणून टाकावा लागतो, आपोआप येत नाही. त्याचा कटऑफ बहुतेक वेळा वर असतो, म्हणून त्याच ब्रँचचा साधा कोड त्याच्या खाली टाकायला विसरू नका.

आणि म्हणूनच कॉलेज आपल्याला जमेल का हा विचार फॉर्मच्या आधी करायचा, सीट लागल्यावर नाही.

ब्रँच की कॉलेज या वादात माझं मत सरळ आहे. ज्याला कोडिंग सोडून काही करायचंच नाही त्याने सीओईपीच्या नावासाठी मेटलर्जी घेऊ नये, चार वर्षं फर्नेस आणि फेज डायग्राम बघावे लागतात, आणि ते मनापासून न करणाऱ्याला फार जड जातात. पण ज्याला अजून नक्की माहीतच नाही काय आवडतं, आणि सतरा-अठराव्या वर्षी बहुतेकांना नसतंच माहीत, त्याच्यासाठी जुनं सरकारी कॉलेज चांगलं, कारण आजूबाजूची मुलं अख्ख्या महाराष्ट्रातून गाळून आलेली असतात आणि त्यांच्याकडून जे शिकायला मिळतं ते सिलॅबसमध्ये नसतं. इथल्या मुलांनी स्वयम नावाचा साधारण एक किलोचा उपग्रह बनवला, तो २०१६ च्या जूनमध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला, आणि त्यासाठी पोरांच्या एकामागून एक बॅच खपल्या. मुळा नदीवर बोट क्लब आहे, दरवर्षी रेगाटा, म्हणजे बोटींचा सोहळा, होतो. मात्र यातलं काही तुमच्या दारात येऊन उभं राहत नाही, क्लबच्या सिलेक्शनला स्वतः जावं लागतं, एकदा नाकारलं तरी पुन्हा जावं लागतं. ज्याला रोज कोणीतरी अभ्यासाला बसवावं लागतं, टेस्ट घ्यावी लागते, घरी फोन करावा लागतो, त्याला एखादं कडक शिस्तीचं प्रायव्हेट कॉलेज जास्त मानवेल, यात कमीपणा काही नाही.

बघायला प्रत्यक्ष जा. मेट्रोने शिवाजीनगरला उतरा. जुनी दगडी इमारत बघून सगळे फोटो काढतात, काढा, पण मग ज्या ब्रँचचा विचार आहे त्या डिपार्टमेंटमध्ये जा आणि तिसऱ्या वर्षातली दोन-तीन मुलं गाठा, टॉपर नकोत, साधी मुलं. त्यांना विचारा की लॅबमध्ये मशीनला स्वतः हात लावायला मिळतो का, अटेंडन्सचं काय, मराठी मीडियमच्या मुलांना पहिलं सेम कसं गेलं. प्लेसमेंटचं विचारताना सगळ्यात मोठं पॅकेज विचारू नका, ते एकाला मिळालेलं असतं. मीडियन, म्हणजे सगळ्यांना रांगेत लावलं तर मधल्याचं पॅकेज, विचारा, ब्रँचप्रमाणे विचारा, आणि आयटी कंपन्या मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांना बसू देतात का ते विचारा. पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलता येते म्हणून कोणी धीर देत असेल तर मोजक्या जागांसाठी किती जण रांगेत असतात तेही त्यालाच विचारा.

हॉस्टेल सगळ्यांना मिळेलच असं धरून चालू नका, शिवाजीनगर भागात रूम आणि मेस स्वस्त नाही, तो हिशोब फीसोबतच मांडा. ओपनवाल्यांना आठ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी ट्यूशन फी मिळते, आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास प्रवर्ग), ओबीसी मुलींना त्याच मर्यादेत ट्यूशन फी पूर्ण माफ आहे. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा, बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना ते आधीच बघा, पैसे त्याच्यामुळेच अडकतात.

राहिले डिप्लोमावाले. तुमची सीईटी नाही, डिप्लोमाच्या मार्कांवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, त्याचा कॅप वेगळा आणि कटऑफची पीडीएफही वेगळी. जागा थोड्या, दहा टक्के आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या, त्यामुळे वरच्या ब्रँचला टक्केवारी भयंकर लागते. आणि एक, दुसऱ्या वर्षाला आल्या आल्या एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या मॅथ्सचा तिसरा पेपर, समोर उभा असतो, तर जून-जुलैची सुट्टी इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशनला द्या.