पाचट गेलंय की ऊस? नसांचे शब्द असे वाचा

परवा शेजारचे मामा एनसीव्हीचा, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो त्या तपासणीचा, रिपोर्ट घेऊन ओट्यावर येऊन बसले. "पायाला सहा महिन्यांपासून मुंग्या येऊलाल्यात. डॉक्टर म्हणले, डिमायलिनेटिंग पॉलिन्यूरोपॅथी. आता हे काय नवीन?" नांदेड जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून मी सत्तावीस वर्षं लोकांच्या नसा चाचपत हिंडलो, त्यामुळे निवृत्तीनंतरही असले कागद माझ्याकडेच येतात. औषध मी सांगत नाही. शब्द तेवढे फोडून देतो.

आधी 'नस' या शब्दाचाच निकाल लावा. रात्री पोटरीत गोळा आला की आपण म्हणतो नस चढली. पायावर निळे वेटोळे दिसले की नसा फुगल्या. कंबरेतून पायात कळ गेली की नस दबली. यातला पहिला स्नायूचा प्रकार, दुसऱ्या रक्ताच्या शिरा, आणि तिसरी तेवढी खरी चेतातंतूंची नस. म्हणून डॉक्टरपुढे 'नस' म्हणून थांबू नका. होतंय काय ते सांगा: मुंग्या, आग, बधिरपणा, पाऊल उचलत नाही. चालताना चप्पल निसटली आणि ते कळलंच नाही, असं झालं असेल तर ते सगळ्यात आधी.

आता आतली रचना. उसाचं टिपरू डोळ्यापुढे आणा. पेरापेराला एकेका पानाचा वेढा असतो. नसेतल्या बहुतेक जाड तंतूंचं तसंच. आतला ऊस म्हणजे ॲक्झॉन, संदेश नेणारा तंतू. त्याच्या एकेका पेरावर एकेक श्वान पेशी गुंडाळलेली. (श्वान म्हणजे कुत्रं नव्हे, थिओडोर श्वान नावाचा जर्मन शास्त्रज्ञ. ट्रेनिंगमध्ये आमचा अख्खा वर्ग हसला होता.) ही पेशी फेट्यासारखी वेढ्यावर वेढे घेते, तेच मायलिन, नसेचं पाचट. दोन पेरांमधली उघडी फट ही रॅन्व्हिएची गाठ. संदेश या फटींवरून उड्या मारत जातो, म्हणून जाड तंतूंत तो सेकंदाला शंभर मीटरपर्यंतही पळतो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूंत एक-दोन मीटरच. तव्याचा चटका बसल्यावर आधी चर्रकन कळ येते आणि आग मागून भडकते, ती मायलिन असलेल्या आणि नसलेल्या तंतूंच्या वेगवेगळ्या चालींमुळे.

मेंदूत आणि मज्जारज्जूत हे वेष्टन वेगळ्या पेशी बनवतात. त्यावर शरीराच्याच प्रतिकारशक्तीने हल्ला केला तर मल्टिपल स्क्लेरोसिस. हातापायांकडे जाणाऱ्या नसांवर केला तर बहुधा जीबीएस (गुलियन-बॅरे सिंड्रोम), ज्याचे रुग्ण जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात एकदम वाढले होते. पायातली ताकद दिवसादिवसाने वर वर जात चालली तर नवस-सायास नको, त्याच दिवशी मोठा दवाखाना.

लांबलचक नाव दिसलं की आधी शेपूट बघा. 'पथी' म्हणजे बिघाड, 'आयटिस' म्हणजे दाह, 'अल्जिया' म्हणजे नुसतं दुखणं, 'ओमा' म्हणजे गाठ. मग डोकं बघा. 'मोनो' एक नस, 'पॉली' अनेक, 'रॅडिक्युलो' म्हणजे मणक्यातून निघतानाचं मूळ. श्वानोमा ऐकून घाबरू नका, वेष्टनाची ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. आणि न्यूराल्जिया किंवा सायटिका असं लिहिलं असेल तर कारण अजून सांगितलेलंच नाही असं समजा. ते विचारा.

एनसीव्हीत दोन आकड्यांकडे बघायचं. संदेशाचा वेग, आणि कागदावर उमटणाऱ्या लाटेची उंची. हातात वेग साधारण सेकंदाला पन्नास मीटरच्या वर, पायात चाळीसच्या वर असतो. वेग फार पडला तर संशय वेष्टनावर. वेग बरा, पण उंची खाली आली तर आतला तंतू गेलेला. हात गार असले तरी वेग कमी दिसतो, तेव्हा थंडीत गाडीवरून आल्या आल्या टेबलावर झोपू नका. आणि बारीक तंतू या तपासणीत दिसतच नाहीत. शुगरच्या पेशंटचे तळवे रात्रभर जळतात आणि रिपोर्ट नॉर्मल येतो, तेव्हा तो माणूस खोटं बोलत नसतो.

माझा जीव मात्र न दुखणाऱ्या नसांत अडकलेला. नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरने १८७३ मध्ये शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू नेमका श्वान पेशीतच घर करतो, आणि त्याला गार जागा आवडते, म्हणून कातडीलगतच्या नसा पकडतो. कोपर टेबलावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती त्यातलीच एक नस. मी समोर उभा राहून पेशंटचं कोपर वाकवायचो आणि आतल्या हाडामागच्या खाचेत बोटं हलकी आडवी फिरवायचो. नजर हातावर नाही, त्याच्या तोंडावर, कारण दुखलं तर आधी भुवई हलते. साधी नस मऊ सुतळीसारखी सरकते, सुजलेली तुरीच्या काडीसारखी लागते. दोन्ही बाजू ताडून बघायच्या. मग डोळे मिटायला सांगून करंगळीवर बॉलपेनचं टोक जेमतेम टेकवायचं: कुठं लागलं, बोट ठेवा.

माझ्याच चुलतवहिनीची करंगळी चुलीवर भाजली आणि तिला वास आल्यावर कळलं. त्याआधी वर्षभर एकजण तिची नस 'बसवत' होता, आणि मी दुसऱ्यांच्या गावात सर्व्हे करत होतो. सरकारी दवाखान्यात सहा किंवा बारा महिन्यांची गोळ्यांची पाकिटं फुकट मिळतात. त्यांनी वहिनीच्या अंगातले कुष्ठरोगाचे जंतू मेले, पण बोटं वाकडी राहिली.

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत विचारलं, "मग माझं पाचट गेलंय का ऊस?"

पायाचा वेग सव्वीस, उंची बऱ्यापैकी. म्हटलं, कागदावर तरी पाचट गेलेलं दिसतंय. कारण सापडून इलाज झाला तर ते आठवड्या-महिन्यांत पुन्हा चढू शकतं. ऊस तुटला असता तर दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढला असता. मामांनी कमरेपासून अंगठ्यापर्यंत वितीने माप घेतलं, मनातल्या मनात हिशोब केला आणि विचारलं, "कारण शोधायला परत कधी जायचं?"