सोयापेंड घेताना केवळ प्रथिनांचा आकडा पाहू नका

कोंबडीखाद्यासाठी सोयापेंड निवडताना बहुतेक जण 44 ते 48 टक्के प्रथिने एवढेच पाहतात; परंतु ती प्रथिने पक्ष्याच्या अंगी लागतील की नाही, हे पेंड किती भाजली गेली यावर ठरते. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचकरसाला रोखणारा घटक असतो आणि तो उष्णतेने निष्प्रभ होतो, म्हणून घरचे सोयाबीन भरडून तसेच खाद्यात मिसळणे सर्वथा टाळावे. उलटपक्षी, पेंड जास्त भाजली गेल्यास लायसिन हे मोलाचे अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) निकामी होते, आणि हे नुकसान तपासणी अहवालातील प्रथिनांच्या आकड्यात दिसतच नाही.

चांगली पेंड फिकट सोनेरी दिसते. तपकिरी, करपट वासाची पेंड परत करावी. युरिया व फिनॉल रेड (रंग बदलून दाखवणारे रसायन) यांचे द्रावण बशीतल्या पेंडीवर शिंपडले असता पाचेक मिनिटांत तुरळक लाल ठिपके उमटले तर भाजणी योग्य, आणि सगळीच पेंड लाल झाली तर ती कच्ची समजावी. सोयापेंडीत मिथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असते, त्यामुळे ते खाद्यात वेगळे घालावेच लागते.