येशूची तुलना करायचीच असेल तर वही घ्या

आमच्या चर्चच्या मंडळीतली पोरं कॉलेजात गेली की कोणीतरी विचारतंच, "तुमच्या येशूत आणि आमच्या महावीरांत वेगळं काय?" पोरं गप्प बसतात, नाहीतर ठोकून देतात, "दुसऱ्या कुठल्या धर्मसंस्थापकानं स्वतःला देव म्हटलंच नाही." शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, मी हे वाक्य आधी खोडायला लावते.

महाराष्ट्रात तर ते टिकतच नाही. महानुभाव पंथाचे लोक चक्रधरस्वामींना परमेश्वराचा अवतार मानतात. 13व्या शतकात म्हाइंभटांनी शिष्यांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' रचलं. शुभवर्तमानांच्या, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रांच्या, इतकं जवळचं मराठीत दुसरं काही नाही. गीतेत (18:66) श्रीकृष्ण 'सर्व पापांतून तुला सोडवीन' म्हणतो. हे झाकून तुलना करणं म्हणजे जोड न लावता कुस्ती मारणं. कोल्हापुरात कोण मानणार ती?

तेव्हा रकाने आखा आणि प्रत्येकाला तेच विचारा: स्वतःविषयी काय म्हणाले, ते लिहिलं कधी गेलं, आणि त्यांना वगळलं तर धर्म उभा राहतो का?

तिसरा प्रश्न सोडू नका. महावीर 24वे तीर्थंकर, त्यांच्याआधी ऋषभदेवांपासून 23 झाले. कर्माची निर्जरा, म्हणजे साठलेलं कर्म झाडून टाकणं, ज्याची त्यानंच करायची. आमच्या शेजारच्या काकू मला कुंभोजच्या बाहुबलीला घेऊन गेल्या, त्या 28 फुटी मूर्तीपुढं म्हणाल्या, "इथं मागायला यायचं नसतं गं." जैनांचा रकाना असा जैनांकडूनच भरून घ्यावा. बुद्धांनीही शेवटी शिष्यांना स्वतःचाच आधार घ्यायला सांगितलं. येशूचा प्रेषित पौल मात्र करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात लिहितो की ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. इथं माणूस काढला की सगळंच कोसळतं.

हे पत्र साधारण इ.स. 55चं, येशूला क्रूसावर मारल्यानंतर पंचवीसेक वर्षांतलं. शुभवर्तमानांपैकी मार्काचं 70च्या आसपासचं, योहानाचं बहुधा 90च्या पुढचं. म्हणून 'मार्ग, सत्य व जीवन मीच' हे योहानातलं वचन पहिल्याच फटक्यात काढू नका. मार्काचा दुसरा अध्याय घ्या. चौघे जण छप्पर उसकटून पक्षघाती माणसाला बाजेसकट खाली सोडतात, आणि येशू त्याला बरं करायच्या आधी पापांची क्षमा झाल्याचं सांगतो. यहुदी धर्माचे शास्त्री मनात चरफडतात, देवाशिवाय कोण क्षमा करणार? दावा किती मोठा होता ते या चरफडण्यावरून कळतं.

इस्लामशी तुलना करताना बहुतेकांची गल्लत होते. कुराण मोहंमद पैगंबरांना केवळ प्रेषित म्हणतं (3:144). देवाचं वचन म्हणून आपल्याकडे जी जागा येशूची, ती तिथं कुराणाची. तेव्हा समोरासमोर ही दोन ठेवा. कुराणात ईसा कुमारी मरियमेचे पुत्र आहेत, मसीहाही आहेत; क्रूसावर मात्र त्यांना मारलं गेलं नाही, असं 4:157 सांगतं. खरा मतभेद इथं आहे. क्रूसाच्या बाजूनं रोमन इतिहासकार टॅसिटसचाही उल्लेख आहे, शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताच्या नावासकट. पुनरुत्थानाला मात्र असा बाहेरचा साक्षीदार नाही, हेही वहीत लिहा.

मार्कापासून सुरुवात करा. 16च अध्याय आहेत, एका बैठकीत होतात.