"किती झाले, भाऊ?" विचारण्याआधी: नव्या पर्मनंट पोरांसाठी वेतन कराराबद्दल

नागपूरची हिंगणा एमआयडीसी असो की बुटीबोरी, कंपनी-युनियनच्या वेतन करारावर सह्या झाल्या की गेटवर एकच आकडा सांगतात. नवीन पर्मनंट झालेला पोरगाही तेवढंच विचारतो, "किती झाले, भाऊ?" पुढच्या तीन-चार वर्षांचा तुमचा पगार, पीएफ, रजा, आजारपण, सगळं त्या पंधरा-वीस पानांवर ठरलेलं असतं. ती पानं वाचायला मला कोणी शिकवलं नाही आणि त्याचा त्रास अजून आठवतो, म्हणून हे लिहितोय. बेसिक, डीए, एचआरए म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे, ते परत सांगत नाही.

आमच्या पहिल्या करारात नऊ हजारांची वाढ जाहीर झाली. गुलाल उधळला, ढोल वाजला, काही पोरांनी त्याच आठवड्यात गाडीचे हप्ते बांधून घेतले. नव्या दराची पहिली स्लिप आली तेव्हा हातात वाढले होते तीन हजारांच्या आसपास. ऑफिससमोर गर्दी झाली. पण फसवलं म्हणायलाही जागा नव्हती, कारण सगळं करारात लिहिलेलं होतं आणि खाली आमच्याच प्रतिनिधींच्या सह्या होत्या.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. नऊ हजार म्हणजे तिसऱ्या वर्षाअखेर होणारी एकूण वाढ. ती वाटली होती 50, 30, 20 टक्क्यांत. म्हणजे पहिल्या वर्षी 4,500, दुसऱ्या वर्षी 2,700, तिसऱ्या वर्षी 1,800. आता पहिले 4,500 तरी पूर्ण मिळावेत, तर तेही नाही, कारण तो आकडा कंपनीच्या खर्चाचा होता. कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटीची (नोकरी सुटताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद, बोनस, मेडिक्लेमचा हप्ता, कँटीन, गणवेश, सगळं त्याच्यात धरलेलं. ते वजा करून जे उरलं त्यातून आपली स्वतःची पीएफची कपात गेली. म्हणून गेटवर आकडा ऐकलात की लगेच तीन प्रश्न विचारा. पहिल्या वर्षी किती? स्लिपवर किती? आणि त्यातले बेसिकमध्ये किती?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कोणी विचारत नाही. समजा स्लिपवर सहा हजार वाढले. ते सगळे बेसिकमध्ये टाकले, तर ग्रॅच्युइटीच्या 15 भागिले 26 (26 दिवसांचा महिना धरून 15 दिवसांचा पगार) या हिशेबानं नोकरीच्या दर वर्षामागे 3,461 रुपये वाढतात, म्हणजे 25 वर्षांच्या नोकरीला साधारण 86,500. तेच बेसिकमध्ये फक्त 1,500 टाकले आणि उरलेले साडेचार हजार 'विशेष भत्ता', 'धुलाई भत्ता', 'शिक्षण भत्ता' असे वाटले, तर ग्रॅच्युइटी वाढते साधारण 21,600. महिन्याची स्लिप दोन्हीकडे सारखी दिसते, रिटायर होताना 65 हजारांचा फरक पडतो. पीएफचंही तेच. सहा हजारांवर कंपनीचे 12 टक्के म्हणजे 720, दीड हजारावर 180. तेही कंपनी पूर्ण बेसिक-डीएवर पीएफ भरत असेल तर. 15,000 च्या मर्यादेवरच भरत असेल तर महिन्याला 1,800 च्या पुढे ती जाणारच नाही. 'प्रत्यक्ष बेसिक अधिक डीएवर' असे शब्द करारात आहेत का ते शोधा.

21 नोव्हेंबर 2025 पासून श्रमसंहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्या. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असा नियम आलाय. चांगलं झालं. पण निम्म्यापर्यंत भत्त्यांना अजून मोकळीक आहे, म्हणून प्रश्न विचारायचं सोडू नका.

टक्केवारी सांगितली तर ती कशावरची, हे विचारा. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, उमरेड-सावनेरकडची पोरं खाणीत आहेत, त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. त्यांचा अकरावा राष्ट्रीय कोळसा वेतन करार मे 2023 मध्ये झाला आणि 1 जुलै 2021 पासून लागू झाला. 19 टक्के किमान हमी वाढ ठरली, पण ती कशावर तेही नेमकं लिहिलं: 30 जून 2021 चं बेसिक, व्हीडीए (बदलता महागाई भत्ता), एसडीए (विशेष महागाई भत्ता) आणि हजेरी बोनस. मधल्या काळाचा फरक (थकबाकी) कधीपासून, तेही तारखेनिशी ठरलेलं. आमच्या एमआयडीसीत मात्र फरकाऐवजी 'एकरकमी' काहीतरी देऊन विषय मिटवतात. माझं मत स्पष्ट आहे: एकरकमी पैसा गोड लागतो, पण तो बेसिकला चिकटत नाही. शक्यतो घेऊ नका.

डीए महागाईच्या निर्देशांकाला जोडलेला असेल तर पाया तपासा. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक आता 2016 = 100 या पायावर निघतो. 2001 च्या मालिकेशी जोड देणारा आकडा 2.88. जुन्या पायावर अंकाला 3 रुपये मिळत असतील, तर नव्या पायावर अंकाला 8 रुपये 64 पैसे मिळाले पाहिजेत. जुनाच दर ठेवून नवा निर्देशांक लावलेला दिसला तर त्याच दिवशी युनियनच्या कमिटीकडे जा.

करार कोणाला लागू, हे पहिल्या दोन पानांवर असतं. मागे नावं आणि तिकीट नंबरची यादी जोडलेली असते. त्यात आपला नंबर बोट ठेवून शोधा. ट्रेनी, प्रोबेशनवाले यांच्यासाठी एखादी तारीख घातलेली असते आणि दोन-चार आठवड्यांच्या फरकानं पोरं बाहेर राहतात. दोन युनियन असतील तर आणखी जपून. समेट अधिकाऱ्यासमोर (कंपनी-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर) झालेला करार सगळ्या कामगारांना बांधतो, नंतर येणाऱ्यांनाही. कंपनी आणि युनियन यांनी आपसात केलेला फक्त सही करणाऱ्या पक्षांपुरता असतो. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलमांवरून लोक अजून 18(3) आणि 18(1) म्हणतात, नव्या संहितेतही हा फरक आहे. आपसातल्या करारानंतर कंपनी एकेकाला बोलावून संमतीपत्रावर सही मागते. करार पूर्ण वाचायला मिळाल्याशिवाय सही करू नका. "नाहीतर वाढ मिळणार नाही" असं म्हटलं तरी एक दिवस मागा. एका दिवसानं काही बिघडत नाही, मी बघितलंय.

आणि घाबरूही नका. कराराची मुदत संपली की पगार जुन्यावर जाईल, सवलती बंद होतील, अशी हूल दर वेळी उठते. कोणत्याही बाजूनं करार संपवण्याची लेखी नोटीस देऊन साठ दिवस होईपर्यंत करार चालू राहतो.

शिकायचं कोणाकडून? व्हॉट्सअॅपवर शेजारच्या कंपनीचे आकडे फिरतात, त्यांच्यावर एक मिनिट घालवू नका, त्यात टप्पेही नसतात आणि बेसिकही नसतं. बाहेरचा नेता भाषण छान करतो, त्याला परिशिष्टातला तक्ता समजावून सांगायला लावा, मग कळेल. माझ्या मते खरा गुरू म्हणजे रिटायर झालेला कमिटी मेंबर. त्यानं स्वतःची ग्रॅच्युइटी हातात घेतलेली असते. माझे दोन्ही गुरू असेच. एकानं मला जुने तीन करार एकाखाली एक ठेवून नुसता बेसिकचा रकाना वाचायला लावला होता. तेवढ्या एका संध्याकाळी मला जे कळलं ते आधी कधी कळलं नव्हतं.

शेवटची गोष्ट आजारपणाची, कारण यात घर उद्ध्वस्त होतं. वेतन 21,000 च्या वर गेलं की चालू अंशदान काळ (वर्गणी कापायची सहामाही) संपल्यावर, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चनंतर, तुम्ही ईएसआयमधून, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा-उपचार योजनेतून, बाहेर. ईएसआयच्या सोमवारीपेठेतल्या दवाखान्यात आईची चालू असलेली औषधंही भरलेल्या वर्गणीचा लाभ-काळ संपला की थांबतात. वाढीच्या आनंदात हे कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून मेडिक्लेमच्या कलमात तीन गोष्टी बघा: आईवडील त्यात आहेत का, हप्ता कोण भरणार, आणि विमा ईएसआय सुटण्याच्या दिवसापासून सुरू होतो की 'कंपनीच्या पुढील नूतनीकरणापासून'. आमच्या करारात हे शेवटचे शब्द होते. मधल्या महिन्यांत ज्यांच्या घरी ऑपरेशनं निघाली, त्यांनी सोसायटीतून कर्ज काढलं. सह्या होण्याआधीच कमिटीला सांगून तिथं तारीख लिहून घ्या.