उडता कीटक टिपायचा तर त्याच्या मागं पळू नका

मी मानवतला लग्नाचे फोटो काढतो. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्या धंद्यात ऑर्डरी जवळजवळ नसतातच. कॅमेरे, फ्लॅश, ट्रिगर, स्टँड सगळं मोकळं असतं, आणि नेमके त्याच महिन्यांत जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या चाऱ्यांवर आणि सोयाबीनच्या वावरांत कीटक सगळ्यात जास्त असतात. अंगठी-मंगळसूत्राच्या क्लोजअपसाठी घेतलेली ९० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स तेव्हा खरी कामाला येते. ज्यांच्याकडं असा एखादा कॅमेरा, एक-दोन साधे फ्लॅश आणि जवळपास रान आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक हिशोब डोक्यात ठेवा. मधमाशी सेकंदाला सहा-सात मीटर जाते. ती दिसली आणि बोटानं बटण दाबलं, यात माणसाचा पाव सेकंद सहज जातो. तेवढ्यात ती दीड मीटर पुढं गेलेली असते. म्हणून उडत्या किड्याच्या मागं कॅमेरा फिरवत बसणं सोडून द्या. तो कुठून येणार, कुठं क्षणभर थांबणार हे आधी ओळखायचं, तिथं फोकस लावून ठेवायचा आणि वाट पाहायची. बाकीचं सगळं याच्यानंतर येतं.

सुरुवात सिरफिड माशीपासून करा. अंगावर पिवळे-काळे पट्टे असल्यामुळं बरेच जण तिला मधमाशीच समजतात, पण हिला पंख दोनच असतात, डोळे मोठे असतात आणि डंख नसतो. ही हवेत एका जागी अधांतरी थांबते. कडुलिंबाच्या किंवा बाभळीच्या सावलीत जिथं उन्हाची तिरीप येते, तिथं नर असा तरंगत राहतो, दुसरा कुणी आला की त्याला हाकलतो आणि पुन्हा त्याच जागेवर येतो. हाताला सराव व्हायला याच्यासारखा कीटक नाही. हिवाळ्यात ती करडईच्या वावरात सापडते, कारण करडईवर मावा पडतो आणि हिच्या कित्येक जातींच्या अळ्या मावा खाऊन जगतात. फोकस मॅन्युअलवर टाका, अंतर एकदा ठरवा आणि मग रिंगला हात लावू नका. कोपरं बरगड्यांना टेकवून सगळं अंगच इंचभर पुढं-मागं करायचं. डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबायचं.

दुसरा नंबर चतुराचा, आणि हा माझा सगळ्यात आवडता. भाद्रपदात पावसानं उघडीप दिली की सोयाबीनवर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे फिरतात. तो पँटाला नावाचा चतुर. हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत जाणारा हाच. त्याला बघत उभं राहावं, पण पहिल्या फोटोसाठी तो निवडू नका, कारण तो बसतच नाही. पाण्याकाठी काडीवर बसणारे लाल, नारिंगी चतुर निवडा. ते काडीवरून झेपावतात, हवेतच माशी-चिलट पकडतात आणि पुष्कळदा फिरून त्याच काडीवर येतात.

ही काडी तुम्हीच रोवू शकता. चारीच्या कडेला, पाण्यापासून हातभर आत, वाळलेली तुराटी उभी करा. टोक एकटं आणि उघडं पाहिजे, मागं चार हात मोकळं पाहिजे. आजूबाजूचं गवत तुराटीपेक्षा ठेंगणं असेल तर चतुर बहुधा तिच्यावर बसतो. बसताना तो वाऱ्याकडं तोंड करून येतो. म्हणजे वारा पश्चिमेचा असेल तर तो काडीच्या पूर्वेकडून उतरणार. फोकस काडीवर न ठेवता तिच्या पूर्वेला वीतभर अंतरावर ठेवा, आणि स्वतः दक्षिणेला उभे राहा, म्हणजे तो तुमच्यासमोरून आडवा जाईल. आडवा गेला की डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळा फोकसमध्ये बसण्याची शक्यता असते. समोरून येणाऱ्याचा फक्त चेहरा मिळतो. तोही सुंदर असतो, पण ते नंतरचं काम.

चतुराचे पंख सेकंदाला साधारण तीस वेळा हलतात. म्हणून त्याला फ्लॅशची गरज नाही. सकाळचं ऊन तुमच्या पाठीशी असेल तर शटर १/२५०० किंवा १/३२००, छिद्र एफ ८, आयएसओ १६०० पर्यंत. लग्नातली ७०-२०० लेन्सही इथं चालते, लांबून काढता येतं. शटर मात्र मेकॅनिकलच ठेवा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या इलेक्ट्रॉनिक शटरनं फ्रेम वरून खाली ओळीओळीनं नोंदली जाते आणि तेवढ्या वेळात हललेले पंख वाकडे उमटतात.

मधमाशीचं गणित वेगळं आहे. तिचे पंख सेकंदाला सुमारे २३० वेळा हलतात. १/२००० सेकंदातसुद्धा पंख एका फेरीचा जवळपास नववा हिस्सा पार करतो, म्हणून कडा पुसट येतात. इथं शटरचा वेग वाढवून फारसं भागत नाही, इथं फ्लॅशची चमकच शटरचं काम करते. साधा फ्लॅश पूर्ण पॉवरवर १/३०० सेकंदाच्या आसपास पेटतो, पण पॉवर खाली आणत गेलं की चमक लहान होत जाते आणि अगदी तळाला ती १/२०००० पर्यंत येते. स्टेजवर आपण फ्लॅश पूर्ण मारायला शिकलेलो असतो. वावरात त्याच्या उलट करायचं, १/३२ किंवा त्याच्याही खाली. ब्रिटिश छायाचित्रकार स्टीफन डाल्टन यांनी १९७० च्या दशकात उडत्या कीटकांचे फोटो काढले ते याच तत्त्वावर. त्यांना त्यासाठी खास फ्लॅश आणि शटर तयार करून घ्यावं लागलं. आज लग्नाच्या बॅगेतला फ्लॅश त्या कामाच्या बराच जवळ जातो.

पॉवर कमी म्हणजे उजेड कमी, म्हणून फ्लॅश किड्याच्या जवळ आणावा लागतो, वीत-दीड वीत अंतरावर. मी दोन फ्लॅश दोन बाजूंना स्टँडवर लावतो आणि पुढं पाच लिटरच्या तेलाच्या पांढऱ्या कॅनचा कापलेला तुकडा बांधतो. त्यामुळं पंखावरची चमक मऊ होते, शिरा दिसतात. शटर १/२००, हायस्पीड सिंक बंद. ते चालू राहिलं तर फ्लॅश एका झटक्याऐवजी तुकड्यातुकड्यांनी बराच वेळ जळतो आणि पंख पुन्हा पुसट होतात. आणि आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढून बघा. तो बऱ्यापैकी काळा आला पाहिजे. उन्हाचा उजेड आत शिरला तर किड्याच्या मागं भुतासारखी दुसरी आकृती उमटते. यात पार्श्वभूमीही काळी होते, दिवसाचा फोटो रात्रीचा वाटतो. ते मला पटत नाही, म्हणून फुलाच्या मागं वीतभरावर दुसरी पानाफुलांची फांदी येईल अशीच जागा मी शोधतो. तिच्यावरही फ्लॅश पडतो आणि हिरवा रंग राहतो.

आणखी एक मोह टाळा, तो म्हणजे फार जवळ जाण्याचा. एफ ११ ला किडा सेन्सरवर मूळ आकाराचा घेतलात तर एक मिलिमीटरही खोली धड फोकसमध्ये राहत नाही. तोच पाव आकाराचा घेतला तर सुमारे नऊ मिलिमीटर मिळते. लांबून काढा, घरी कापा.

मार्गशीर्षात तूर फुलली की लग्नाच्या दोन तारखांमध्ये सापडेल तो दिवस मी तुरीला देतो. तुरीवर आग्या मधमाशा येतात, पानं कापणाऱ्या माशा येतात, आणि मोठा काळा भुंगा येतो. थंडीत सकाळी घाई करू नका, ऊन अंगाला लागल्याशिवाय ही मंडळी उडत नाहीत. भुंगा फुलापुढं येऊन वेग कमी करतो आणि बसण्याआधी क्षणभर पाय लोंबकळत ठेवून तरंगतो. फोकस फुलाच्या पुढं दोन बोटं. एकच घोस निवडा, तिथून हलू नका. नवी फुलं कुठं आहेत ते भुंग्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं, म्हणून आधी थोडा वेळ नुसतं बघा आणि तो जिथं परत येतो तोच घोस धरा.

फुलपाखराचे पंख सावकाश हलतात, तरी तेच सगळ्यात अवघड, कारण त्याच्या उडण्याला सरळ रेषा नसते. त्याची एक वेळ मात्र हातची असते. लिंबावरचं पिवळं-काळं फुलपाखरू मोसंबीच्या किंवा कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर एकेक अंडं घालत फिरतं, तेव्हा ते पंख फडफडवत पानाशी घुटमळतं. जालन्याकडच्या मोसंबीच्या बागांत नवती फुटली की हे बघायला मिळतं. घरासमोर कढीपत्ता असेल तर तिथंही. १/३२०० ला नुसत्या उन्हात काम होतं.

कॅमेरा नसेल तर मोबाईलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ भर उन्हात काढा. मधमाशीच्या पंखांची गती त्या आकड्याच्या जवळ असल्यामुळं पंख अगदी हळू हलल्यासारखे दिसतात. तो भास असतो, पण पोरांना दाखवायला फार छान.

काहीजण किडा फ्रिजमध्ये गार करून मग फोटो काढतात. मला हे अजिबात मान्य नाही. गारठलेला किडा उडत नाही, आणि जो उडत नाही त्याच्या उडण्याचा फोटो खोटा आहे. आग्या मोहोळाजवळ कॅमेरा घेऊन जाऊच नका, फुलावर येणारी माशी पुरते. वावरात शिरण्याआधी मालकाला विचारा आणि फवारणी कधी झाली तेही विचारा. फवारलेल्या तुरीत माशी नसते, आणि ते औषध तुमच्याही अंगाला चांगलं नाही. कालव्याच्या गवतात साप असतात, गमबूट घाला.

घरी आल्यावर फोटो गाळताना डोळा आणि पंखाच्या शिरा पाहा. डोळा पुसट असेल तर काढून टाका. राहिलेल्या प्रत्येक फोटोबरोबर गाव, तारीख आणि पीक लिहा. चतुराचा बाजूनं काढलेला, पंखाच्या शिरा दिसणारा फोटो आयनॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकला तर जाणकार जात सांगतात, आणि आपल्या शिवारात तो कोणत्या महिन्यात होता याची नोंद राहते.