हाक मारली की कुत्रं परत यावं म्हणून

चिंगी नऊ महिन्यांची असताना एका संध्याकाळी मैदानात तिचा पट्टा माझ्या हातून सुटला. "चिंगी, ये! ये म्हणते ना!" करत मी तिच्यामागे पळत राहिले. वीसेक मिनिटांनी ती आपणहून आली, जीभ बाहेर, शेपटी जोरजोरात हलवत. मी तिच्यावर ओरडले आणि तिला ओढतच घरी नेलं. पुढचे कित्येक दिवस "ये" म्हटलं की ती दोन पावलं मागे सरायची.

तिची काहीच चूक नव्हती. कुत्र्याचा हिशोब अगदी ताज्या क्षणाचा असतो. पळाली तेव्हा मोकळं मैदान मिळालं, मी मागे धावले म्हणजे खेळही मिळाला. आणि परत आली त्या क्षणी ओरडा मिळाला. मी तिला पळून जायची शिक्षा केली असं मला वाटत होतं, पण प्रत्यक्षात शिक्षा झाली ती परत येण्याची. कुत्र्याला काहीही शिकवताना ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: ज्या वागण्यापाठोपाठ चांगलं काही घडतं, ते वागणं वाढतं. थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून हेच मांडलं होतं. 'पाठोपाठ' म्हणजे एखाद्या सेकंदात. खिसा चाचपण्यात पाच सेकंद गेले, तर तोवर ती जमीन हुंगायला लागलेली असते आणि खाऊ हुंगण्याचा मिळतो.

आधी जुना शब्द सोडून द्या. आमच्याकडे "ये" म्हणजे नखं कापायला ये, आंघोळीला ये, खेळ संपला, ये. तो शब्द पार बिघडला होता. मी नवा घेतला: "टुणुक". घरात एरवी कुणाच्या तोंडी नसलेला कुठलाही छोटा शब्द चालेल, फक्त घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा.

खाऊ असा हवा की त्याच्यासाठी कुत्रं दुसरं काहीही सोडेल. चिंगीसाठी मी बिनमिठाचं उकडलेलं चिकन घेते, मटारच्या दाण्याएवढे तुकडे करून. घरात रोजचं कोरडं खाणंही चालतं, पण बाहेर ते पुरत नाही. हा वरचा खाऊ दिवसभराच्या एकूण आहाराच्या दहाव्या भागाच्या आत ठेवा आणि तेवढं जेवण कमी करा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) घातलेलं काहीही चुकूनसुद्धा देऊ नका, ते कुत्र्यांना विषारी आहे.

पहिले दोन दिवस हाक मारायचीच नाही. कुत्रं जवळच असताना "टुणुक" म्हणायचं आणि लगेच तुकडा द्यायचा. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. त्याने काही करायची गरज नाही. पावलोव या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांना खाण्याआधी नेहमी होणारा आवाज ऐकताच लाळ सुटायची, तसंच नातं या शब्दाशी जोडायचं आहे. इथे बहुतेकांचं एक चुकतं, माझंही चुकत होतं: शब्द उच्चारायच्या आधीच हात पिशवीकडे जातो. मग कुत्रं हात बघायला शिकतं आणि शब्द नुसताच कानावरून जातो. म्हणून हात शरीराशी स्थिर ठेवा, शब्द म्हणा, मग हात हलवा. तिसऱ्या दिवशी चिंगी दाराशी पायपुसणं हुंगत होती. मी मागून एकदाच "टुणुक" म्हटलं. आधी तिचा एक कान वळला, मग मान, आणि मग ती अख्खीच वळून धावत आली.

आता अंतर वाढवा. आधी त्याच खोलीत, मग दुसऱ्या खोलीतून, मग अंगणात. रोज तीन-चार मिनिटं भरपूर झाली. शब्द एकदाच म्हणायचा. "टुणुक टुणुक टुणुक" केलं की पहिल्या दोन हाकांकडे दुर्लक्ष करायचं असतं, असंच कुत्रं शिकतं.

आणि ते आल्यावर लगेच तुकडा हातात धरून पुढे करू नका. बरीच कुत्री हातभर अंतरावरून खाऊ पळवतात आणि निसटतात. एक हात गळपट्ट्याला लावा, दुसऱ्या हाताने गुडघ्याशी खाऊ द्या. पट्ट्याला हात लागला म्हणजे काहीतरी छान मिळणार, हे अंगवळणी पडलं की खऱ्या अडचणीत ते पकडू देतं.

मैदानात आठ-दहा मीटरची लांब दोरी लावा, गळपट्ट्याला नाही, छातीच्या हार्नेसला, म्हणजे धावताना मानेला हिसका बसत नाही. दोरी ओढून आणण्यासाठी नाही, फक्त लांब जाऊ न देण्यासाठी. हाकेला आलं नाही, तर समजा की आपण फार अवघड मागितलं. दुसऱ्या कुत्र्यापासून आणखी दूर व्हा, किंवा उलट्या दिशेने पळा, खाली बसा. मागे मात्र कधीच धावू नका.

सगळ्यात जास्त मी यावर भर देईन: दहा वेळा बोलावलंत तर नऊ वेळा खाऊ देऊन पुन्हा खेळायला सोडा. नाहीतर हाक म्हणजे मजा संपली, इतकंच उरतं. मोकळं सोडणं हे चिकनइतकंच मोठं बक्षीस आहे.

चिंगी पळाल्यावर मला एका प्रशिक्षकांनी गळा आवळणारी साखळी सुचवली होती. मी ती घेतली नाही, आणि त्याचं मला आजही समाधान आहे. २०२० साली पोर्तुगालमधल्या ९२ पाळीव कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हिसके, ओरडा अशा पद्धतींनी शिकवल्या जाणाऱ्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली, आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारं संप्रेरकही जास्त वाढलं होतं. घाबरलेलं कुत्रं जवळ यायचं कशाला?

वयात येताना, साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत, शिकलेलं विसरल्यासारखं होतं. दोरी परत लावा, दोन पायऱ्या मागे या. पक्कं झाल्यावरही खाऊ एकदम बंद करू नका. कधी एक तुकडा, कधी नुसती शाबासकी, आणि खेळ अर्धवट सोडून आलं तर एकामागून एक सात-आठ तुकडे.

बाहेर गेल्यावर कुत्रं खाऊ तोंडातच घेत नसेल, तर ते बहुतेक वेळा घाबरलेलं किंवा फार उत्तेजित असतं. तिथे शिकवायला जाऊ नका, जिथे ते खातं तिथपर्यंत मागे या. चिंगीने पहिले चार दिवस फाटकाच्या आतच खाल्लं. पाचव्या दिवशी फाटकाबाहेर, दोन पावलांवर.